पोचायचं राहिलेलं घर

१

त्या हिवाळ्यात सकाळी डोळे उघडले की मी सगळ्यात आधी बल्बकडे बघायची. माझ्या खाटेवरून उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसतं, आणि तिथे तुळईवरून लोंबणाऱ्या वायरला तो बल्ब. बल्ब सरळ म्हणजे घर सरळ, आणि घर सरळ म्हणजे वाकडी मी. एवढं मनाला पटवलं की पाय खाली टाकायचे, भिंतीला तळवा टेकवायचा आणि चुलीपर्यंत जायचं. लाकूड सारायचं, किटली ठेवायची. कमरेत वाकायचं नाही. काही उचलायचं झालंच तर मान ताठ ठेवून गुडघ्यांवर बसायचं. चालताना बोलायचं नाही, बोलायचं असेल तर आधी थांबायचं. उभं राहण्यातच डोकं इतकं खर्ची पडायचं की बाकी कशाला उरायचंच नाही. झारा हवा असला तर शब्द सापडायचा नाही. 'ते गं, ज्याने उचलतात ते' म्हणत मी हवेत हात हलवायची. जन्मभर विणकाम केलेली बाई मी, आणि साध्या मोज्याचे टाके मोजताना निम्म्यात हरवून उसवत बसायची.

"न पिता अशी चालतेस," माझी लेक मारित्सा म्हणायची, "म्हणजे प्यायल्यावर सरळ चालत असशील. देऊ का थोडी?"

ती हसते तेव्हा तिच्या बापासारखी दिसते, म्हणून मी रागवायची नाही. पण त्या हसण्याखाली काय आहे ते मला ठाऊक होतं. पाळण्यात तिची मुलगी होती, एर्मिनिया, नुकतंच बाळसं धरू लागलेली. मारित्साचा नवरा दूर दक्षिणेला समुद्रात साल्मन मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर कामाला. तिची रजा संपत आलेली. मासळीच्या कारखान्यात परत जायचं तर बाळ कोणाकडे ठेवायचं? त्यासाठीच तर माझं घर समुद्रावरून या बेटावर आणलं, आणि ती भाड्याची खोली सोडून माझ्याकडे राहायला आली. घर आलं, आजीही आली. पण आजीच्या हातात बाळ द्यायची सोय नव्हती.

एक दिवस तिने कप काठोकाठ भरला आणि चुलीजवळच्या टेबलावर ठेवला.

"हे बघ आई, इथून दारापर्यंत हा न सांडता ने. ज्या दिवशी नेशील त्या दिवशी बाळ तुझ्या हातात देऊन मी कामावर जाईन. नाही जमलं तर मला पुएर्तो मोन्तला सासूकडे जावं लागेल. रागावू नकोस."

"रागावते कशाला? आण इकडे."

मी रोज न्यायची आणि रोज सांडायची. दाराशी पोचेपर्यंत कपात निम्मं उरलेलं असायचं आणि बाही भिजलेली.

२

घर समुद्रावरून आणणं ही आमच्या चिलोएत, चिलीच्या दक्षिणेकडच्या या बेटांत, नवलाची गोष्ट नाही. आमची घरं लाकडाची आणि माणसं हट्टी. जागा बदलायची म्हणून कोणी घर सोडून जातं का? खाली ओंडके सारायचे, बैलजोड्यांनी ओढत किनाऱ्यावर आणायचं, रिकामी पिंपं बांधून भरतीच्या पाण्यावर सोडायचं आणि लाँचला दोर लावून पलीकडच्या बेटावर न्यायचं. तिथे पुन्हा बैल. सगळा गाव राबतो आणि मजुरी कोणी घेत नाही. आज तुम्ही माझं ओढा, उद्या मी तुमचं ओढेन. घरच्या बाईने करायच्या त्या दोनच गोष्टी. घर जागेवर बसलं की उंबऱ्यात उभं राहून ओढणाऱ्यांच्या म्होरक्याला चिचाचा, म्हणजे आमच्या सफरचंदाच्या दारूचा, भरलेला पेला द्यायचा. आणि मग सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. पेला हातात पडला की म्होरक्या दोर खाली टाकतो. तोवर टाकायचा नाही.

माझ्या घराचा दिवस ठरला, बैल ठरले, आणि ऐन वेळी माझ्या कानाने दगा दिला. साधी सर्दी झाली होती. सकाळी उठायला गेले तर खोली भोवऱ्यासारखी फिरली. आडवी झाले तरी थांबेना. पाण्याचा घोट पोटात ठरेना, आणि डोळे आपले आपणच एका बाजूला ओढले जायचे.

"ताई, पुढे ढकलू आपण," माझा धाकटा भाऊ क्लोदोमिरो म्हणाला. तो सुतार आहे, घरं हलवण्यात सगळ्या बेटांत त्याचं नाव आहे.

"भरती काय आपल्या बापाची आहे ढकलायला?"

"मग लाँचमधे झोप."

"लाँचमधे मी मरेन. मला माळ्यावर टाका."

"घर पाण्यात असताना आत कोणी राहतं का? कधी ऐकलंयस तू?"

"आजारी बाई घरातच असते. तू तुझा दोर बघ."

त्यांनी मला गादीसकट माळ्यावर नेलं. घर पाण्यात उतरलं तेव्हा सगळं लाकूड एकदम कण्हलं आणि मग एकाएकी गप्प झालं. मी जिन्याच्या तोंडाशी मान टेकून पडले होते. खाली माझ्या स्वयंपाकघरात समुद्र शिरला होता. जिथे टेबल असायचं तिथे हिरवट पाणी होतं, आणि ते जिन्याच्या पायऱ्यांवर एक चढून एक उतरत होतं, या घरातच राहणाऱ्या माणसासारखं. आणि एक सांगते, तिथे मला त्या आजारात पहिल्यांदा बरं वाटलं. माझ्या आतलं फिरणं आणि घराचं डोलणं एकमेकांत मिसळून गेलं. मला गाढ झोप लागली.

३

जाग आली तेव्हा खाली ताटांचा आवाज येत होता. घर पोचून जागेवर बसलंसुद्धा होतं, आणि मला पत्ता नव्हता.

"तुला उठवलं नाही," क्लोदोमिरो वर येऊन म्हणाला. "पेला मारित्साने दिला मला. पोटुशी बाई, भरल्या पोटाने उंबऱ्यात उभी, याहून चांगला शकुन कोणता?"

तो खुशीत होता, पण त्याचे हात थांबत नव्हते, सारखे एकमेकांवर चोळत होता. मी विचारलं, काय झालं.

"काही नाही गं. किनाऱ्याच्या चिखलात घर रुतलं. बैल गुडघ्यांवर आले. मी म्हटलं, संपलं आता. आणि मग दोर हलका झाला."

"हलका म्हणजे?"

"म्हणजे हलका. आम्ही ओढत होतो की आम्ही नुसते दोराबरोबर चालत होतो, कळेना. बैलसुद्धा मागे वळून बघायला लागले." तो जरा हसला. "भरती मागून ढकलत असेल. दुसरं काय असणार?"

जेवताना आणखी एक गंमत झाली. माणसं ठरलेली होती, डुक्कर मोठं होतं, बटाटे पोत्याने होते, आणि तरी निम्मे लोक बसायचे असताना पातेल्याचा तळ लागला. मारित्सा खवळली. फुकटे येऊन जेवून गेले म्हणाली. शेवटच्या पंगतीला शेजारणींनी घरून पाव आणून वाढला. त्यावर पुढे आम्ही खूप हसलो.

४

गरगरणं काही दिवसांनी ओसरलं. उरलं ते डोलणं.

कास्त्रोच्या इस्पितळातली डॉक्टर तरुण होती, मारित्साच्या वयाची. तिने माझी मान झटकन वळवून डोळ्यांत पाहिलं, मला एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले, आणि पडताना धरलं.

"कानाच्या आत, अगदी हाडात, तोल सांभाळणारा भाग असतो," ती म्हणाली. "तुमचा डावीकडचा बिघडलाय. उजवा सांगतो तुम्ही उभ्या आहात, डावा सांगतो पडताय. मेंदूची नुसती ओढाताण. पण तो शिकेल. हळूहळू डाव्याचं ऐकणं सोडून देईल."

"आणि डावा खरं सांगत असेल तर?"

"एदेल्मिराबाई, जमीन हलत असती तर मलाही कळलं असतं की." ती हसली आणि तिने व्यायाम शिकवला. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्याच्यावर खिळवायची आणि मान डावी-उजवी करत राहायची.

मी तिला सगळं सांगितलं नाही, कारण सांगताना मलाच हसू आलं असतं. इस्पितळाच्या बाकावर मी बसले होते तो बाक डोलत नव्हता. रस्त्यावर मी झुलत चालायची, दुकानातल्या रंगीबेरंगी फळ्यांपुढे उभी राहिले की गल्ल्याची कड धरावी लागायची, अंधारात भिंत सापडायची नाही. हे सगळं आजाराचं. पण तिथे जमीन जमिनीच्या जागी होती. घराचा उंबरा ओलांडून आत आलं की दुसरंच काही सुरू व्हायचं. संथ, लांब डोलणं. भरती चढत असली की घराचं तोंड डोंगराकडे ओढल्यासारखं, ओहोटी लागली की समुद्राकडे. नांगरलेल्या लाँचमधे आयुष्य गेलंय माझं. ते डोलणं मी ओळखायची.

मी स्वतःला समजवायची, घरात माणूस ढिला पडतो, बाहेर सावध असतो, म्हणून घरात जास्त जाणवतं. पटण्यासारखं होतं. बल्ब सरळच होता.

५

आमच्याकडे हिवाळ्यात ऊन म्हणजे पाहुणा. ते आलं त्या दुपारी मी खुर्ची ओढून खिडकीशी विणत बसले होते. खिडकीतून उन्हाचा चौकोन फळ्यांवर पडला होता. टाके मोजता मोजता माझं लक्ष गेलं, तर तो चौकोन टेबलाच्या पायाला लागलेला. पुन्हा पाहिलं तर पायापासून हातभर दूर. मग परत पायाशी.

मी विणकाम खाली ठेवलं. बल्बकडे पाहिलं. सरळ. माझी मान खुर्चीच्या पाठीला घट्ट टेकवली, अंगठ्यावर नजर खिळवली, डॉक्टरने सांगितलं होतं तसं सगळं केलं. अंगठा जागेवर होता, त्याच्या मागे ऊन फळ्यांवरून हळूच पुढे जात होतं आणि हळूच मागे येत होतं.

"मारित्सा, जरा इकडे ये."

ती हात पुसत आली. बघत राहिली.

"ढग असतील," ती शेवटी म्हणाली.

"ढगाने ऊन विझतं. सरकत नाही."

"आई, मला घाबरवू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी तिने क्लोदोमिरोला बोलावलं. त्याने तुळईला ओळंबा सोडला, फळ्यांवर लेव्हलची पट्टी ठेवली. ओळंबा सरळ, काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध.

"घर जागेवर आहे, ताई. मी बसवलंय, दुसऱ्या कोणी नाही. हललं तर मिशी काढेन."

"तुला मिशी आहे कुठे?"

"म्हणून तर एवढ्या खात्रीने सांगतोय." हसत हसत तो खालचे खांब बघायला घराच्या पोटाखाली शिरला.

बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. त्याने मूठ उघडून दाखवली. काळ्या शिंपल्या, बोटाच्या पेराएवढ्या, नुकत्या वाढलेल्या.

"आणताना चिकटल्या असतील," तो म्हणाला.

"इतके महिने डोंगराच्या उतारावर? आणि जिवंत?"

शिंपल्या घट्ट मिटलेल्या होत्या. त्यांतल्या एकीने त्याच्या तळव्यावर बारीकशी पिचकारी टाकली. त्याने मूठ झटकली आणि हात पँटला पुसत राहिला. माझ्याकडे आला की तो माते, आमचा कडवट पाल्याचा चहा, प्यायल्याशिवाय जात नाही. त्या दिवशी गेला.

६

मग बाळाचं लक्षात आलं.

पाळणा तुळईला टांगलेला. बाळ त्यात जागं असायचं आणि रडायचं नाही. ओहोटी लागायची वेळ झाली, घर आपलं तोंड फिरवू लागलं की मी नकळत दाराच्या बाजूला बघायची. आणि त्याच क्षणी पाळण्यातलं ते इवलंसं डोकंही तिकडे वळायचं. जिन्याच्या खालच्या कोपऱ्यात खांब आहे, त्याला बाहेरच्या अंगाने लाँचचा दोर बांधला होता. आम्ही दोघी त्या खांबाकडे बघायचो. हे मारित्साने पाहिलं.

"तिलाही तुझं लागलंय का?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी कळलंच नाही.

"कानाचं काही असं लागत नाही. डॉक्टरला विचार."

"मग ती तुझ्याबरोबर मान का वळवते? सांग ना, का वळवते?"

मला एवढंच आठवत होतं की किनाऱ्यावर घर रुतलं तेव्हा मी आत होते. आणि पेला द्यायला मारित्सा आत चढली, तेव्हा हे बाळ तिच्या पोटात होतं.

एका दुपारी मारित्सा लाकडं आणायला गेलेली असताना बाळ रडायला लागलं. श्वास अडकेपर्यंत रडलं. मी खुर्चीवरून उठले, भिंत धरून गेले आणि तिला उचललं. उचललं आणि उभी राहिले. घर माझ्या पायांखाली संथ चढलं आणि संथ उतरलं, मी त्याच्याबरोबर चढले, उतरले, आणि बाळ गप्प झालं. माझा गाल तिच्या टाळूला लागला. दूध आणि ऊब. कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"खाली ठेव! आई, ठेव आधी तिला खाली!"

मारित्साने लाकडं दारातच टाकली होती. तिने बाळ माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. तिचं चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्तच. तिला दिसत होतं ते एवढंच, की तिची म्हातारी आई सपाट जमिनीवर उभी राहून झुलते आहे आणि तिच्या हातात बाळ आहे.

७

धुक्याची सकाळ होती. आमच्याकडचं धुकं दाट असतं. कुंपण दिसत नाही, मेंढ्या नुसत्या ऐकू येतात. त्या दिवशी मेंढ्याही ऐकू येत नव्हत्या.

आम्ही दोघी खिडकीशी बटाटे सोलत होतो. मी सोलणं थांबवलं, कारण घर ओढलं जात होतं. डोलणं नव्हे. ओढ. एक झटका, मग दम, मग पुन्हा झटका. अशी ओढ माणसंच देतात, सगळी मिळून, एका तालात.

मारित्साच्या हातातली सुरी खाली पडली. तिने खिडकीची चौकट धरली.

"आई, जमीन..."

"डोळे मिटू नकोस. मिटलेस तर वाढतं. एकाच ठिकाणी बघ. बाहेर बघ."

आणि मग दोघींनी बाहेर पाहिलं.

कोपऱ्यातल्या खांबापासून दोर निघाला होता. तो दोर क्लोदोमिरोने सोडून नेला होता, त्याच्या छपरीत टांगलेला मी स्वतः पाहिला होता. हा तोच पीळ होता, पण काळा पडलेला, ताणून तारेसारखा झालेला, आणि त्याच्यातून पाणी गळत होतं. तो समुद्राकडे जात नव्हता. वर, डोंगराकडे धुक्यात शिरला होता. तेवढ्यात धुकं जरासं विरळ झालं, आणि पाठी दिसल्या.

नुसत्या पाठी. ओणव्या, ओल्या, दोराच्या दोन्ही बाजूंना, एकामागे एक. डोंगर संपतो त्याच्याही पलीकडे त्या गेल्या होत्या. एकाही माणसाने मागे वळून पाहिलं नाही. त्या सगळ्या एकदम वाकल्या, आणि माझं घर वीतभर पुढे गेलं.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पण भीतीहून मोठं काहीतरी माझ्या छातीत भरून आलं. इतकी माणसं माझ्या घरासाठी राबत होती. इतके दिवस, त्या एका जेवणावर, दोर न सोडता.

धुकं पुन्हा मिटलं. ते उठलं तेव्हा कुंपण होतं, बटाट्याचा वाफा होता, मेंढ्या होत्या. मारित्सा जमिनीवर बसून ओकत होती. मी गुडघ्यांवर बसून तिचं कपाळ धरलं.

"मी काही पाहिलं नाही," ती तोंड पुसत म्हणाली. "तूही नाहीस. उद्याच्या फेरीबोटीने मी बाळाला घेऊन जातेय."

"जा," मी म्हणाले. मी तिच्या जागी असते तर त्याच संध्याकाळी गेले असते.

८

सकाळी बॅग दाराशी उभी होती. मारित्सा शाल गुंडाळून, बाळाला छातीशी घेऊन क्लोदोमिरोच्या गाडीची वाट बघत होती. बाहेर पुन्हा धुकं. आम्ही एकमेकींशी बोललो असतो तर रडलो असतो.

मी सवयीने बल्बकडे पाहिलं. सरळ होता.

तेवढ्यात घराचा तळ कशाला तरी लागला. खडीवर जड काही घासत यावं तसा आवाज फळ्यांखालून आला. कपाटातले कप वाजले. एक झटका, दम, पुन्हा झटका, आणि सगळ्यात शेवटचा इतका मोठा की मारित्सा भिंतीला धरून खाली बसली. मग सगळं थांबलं.

थांबलं म्हणजे काय ते मी विसरूनच गेले होते. पायाखाली फळी होती, फळीखाली जमीन होती, आणि ती कुठेही जात नव्हती. मी वर पाहिलं. बल्ब झुलत होता. वायरवर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जोरात झुलत होता. आणि मी सरळ उभी होते.

बाहेर बैलांच्या घंटा एकदा वाजल्या. खडीवर खूप पाय हलले आणि स्थिरावले. मग कोणीच हललं नाही. पण रिकामी शांतता आणि माणसांनी भरलेली शांतता यांत फरक असतो. लग्नघरी, चर्चबाहेर, कोणाचीतरी वाट बघत सगळे गप्प होतात, तशी ती शांतता होती.

"आई, दार उघडू नकोस," मारित्सा कुजबुजली.

"ते थांबलेत गं. त्यांना पेला कोणी दिलाच नाही."

"मी दिला ना! मी क्लोदोमामाला दिला!"

"तू क्लोदोला दिलास. आणि घरची बाई तू नाहीस. मी आहे, आणि मी वर झोपले होते."

मी फडताळातून मोठा पेला काढला. चिचाची बाटली उघडली. काठोकाठ ओतली, इतकी की वर फुगवटा आला. मारित्सा उठायला गेली आणि पुन्हा बसली. तिचे डोळे एका बाजूला ओढले जात होते. मला ते डोळे ओळखीचे होते.

"मला उठता येत नाहीये," ती म्हणाली. "सगळं फिरतंय. आई, ती पडेल माझ्या हातातून."

"दे इकडे."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायांकडे पाहिलं. बाहेर पुन्हा एकदा एकच घंटा वाजली, कोणीतरी बैलाला थोपवावं तशी. आणि मारित्साने बाळ वर धरलं.

मी गुडघ्यांवर बसून तिला डाव्या हातात घेतलं, उठले आणि टेबलावरचा पेला उजव्या हातात घेतला. भिंतीला हात लावायला हातच मोकळा नव्हता. चुलीपासून दारापर्यंतची वाट मी रोज चालले होते आणि रोज सांडले होते. आता चालले. एर्मिनियाने मान वळवून दाराकडे पाहिलं, मीही तिकडेच पाहिलं. कोपराने कडी उचलली.

धुकं उंबऱ्याला येऊन टेकलं होतं. पलीकडे कोणी दिसत नव्हतं, पण ओल्या लोकरीचा, चिखलाचा आणि खूप दमलेल्या माणसांचा वास होता. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"फार लांबून आणलंत," मी म्हणाले. "उशीर झाला, माझंच चुकलं. घ्या."

धुक्यातून एक हात आला. पाण्यात फार काळ राहिल्यावर होतो तसा पांढरा, सुरकुतलेला, आणि तळव्यावर दोराच्या पिळाचा खोल व्रण. मोठा, कष्टाळू, सभ्य हात. त्याने पेला माझ्या हातातून हळूच, दोन बोटांनी, अगदी जपून घेतला. जाता जाता एक बोट बाळाच्या मुठीला लागलं. बाळाने ते धरलं, आणि सोडलं.

मग गवतावर दोर पडल्याचा आवाज आला. जाड, ओल्या दोराचा धप्प आवाज. त्याच्यामागे थोड्या अंतरावर दुसरा. मग आणखी वर, तिसरा. डोंगरावर चढत चढत, एकामागून एक हातांतून तो जड दोर खाली पडत गेला. आवाज डोंगरापलीकडे गेले, तरी बराच वेळ ऐकू येत होते. मी उभी राहून ऐकत होते आणि माझे डोळे वाहत होते.

मागे मारित्सा भिंतीला धरून उठली होती. ती माझ्याजवळ आली, माझी उजवी बाही तिने बोटांनी चाचपून पाहिली, मग मनगट, मग उंबऱ्याची फळी. सगळं कोरडं होतं.

"सांडलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिने दारातली बॅग पायाने बाजूला सारली, आत गेली आणि मी काही सांगायच्या आत पंगतीचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं.